बागायत गेली, मेंढरं आली

जालना जिल्ह्यात २०१२-१३चा दुष्काळ मोसंबीवर पडला. विहीर आटली, बोअर खोल नेला तरी धूळच उडाली, टँकरचं पाणी घालूनही बाग वाळली. शेवटी झाडांना कुऱ्हाड लावली आणि बागायतीचं जिरायत झालं. पुढे कापूस, सोयाबीन घेत राहिलो; पावसानं ताण दिला की पीक हातचं जायचं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर पॅनेल बसवायला जमीन भाड्यानं घेतात असं कळलं. वीज उपकेंद्र जवळ, म्हणून आमचं रान बसलं. हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. सासूबाई म्हणाल्या, "पैसं येतील, पण रान पडीक पडंल की!" मला पटलं. माती वर्षानुवर्षं नुसती झाकून ठेवायची, हे आमच्या घरात कुणाला सोसणार नव्हतं. म्हणून पॅनेल बसवणाऱ्या कंपनीकडून लिहून घेतलं: पॅनेलखाली तणनाशक मारायचं नाही, गवताचा बंदोबस्त आम्ही करू.

शेळ्या सोडू म्हटलं तर इंजिनिअरनं हात जोडले. शेळी पॅनेलवर उडी मारते, वायरी कुरतडते. मेंढरू मान खाली घालून चरतं. दिवाळीनंतर इकडे धनगरांचे कळप उतरतात. एरवी खतासाठी पैसे मोजून मेंढरं बसवावी लागतात. इथं चाऱ्यासाठी ते आपणहून आले आणि लेंडीखत रानातच राहिलं.

खरा फरक दिसला तो पॅनेलच्या खालच्या कडेला. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून त्याच ओळीत पडतं, धूळ धुतलेलं पाणीही तिथंच. सावलीनं ओल टिकते. उघड्या रानातलं गवत वाळलं तरी ती पट्टी हिरवी होती. तिथं आम्ही मूग, मटकी टोकली. पुढे धुण्याच्या पाण्यावर कोथिंबीरही आली. जोधपूरच्या काजरी या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत पॅनेलच्या ओळींमध्ये अशीच कडधान्यं घेतात, शिवाय काचेवरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवतात.

आमचे पॅनेल मात्र फार बुटके. औत जात नाही, सगळं वाकून खुरप्यावर. परभणीच्या कृषी विद्यापीठात पॅनेल उंच खांबांवर उभारून खाली पिकं घेतलेली मी पाहिली. उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो, हे मान्य. तरी सरकार भाडं ठरवतं तशी उंचीही ठरवून द्यावी, असं मी ग्रामसभेत मांडलं आहे. आमचं उरलेलं रान मागायला कंपनीवाले आले, तर खालून औत जाईल एवढी उंची आधी लिहून घेणार, मगच सही.