‘टू’ नेमका कोणाचा?

चि. सोनूस,

काळ, पुरुष, वचन यांतले काहीच न दाखवणारे क्रियापदाचे रूप म्हणजे इन्फिनिटिव्ह. इंग्रजीत ते ‘टू गो’, ‘टू ईट’ असे पाठ होते आणि ‘टू’ हा त्याचाच तुकडा वाटू लागतो. तो तसा नाही. ‘कॅन गो’, ‘लेट हिम गो’ यांत ‘टू’ नसतोच. ‘मेक’नंतर तो गळतो आणि ‘ही वॉज मेड टू गो’ या कर्मणी रचनेत परत येतो.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे रूप ‘अन’ प्रत्ययाने होई: ‘सिंगन’ म्हणजे गाणे. हेतू सांगताना ‘टो सिंगेन्ने’ म्हणत. त्यातला ‘टो’ निव्वळ शब्दयोगी अव्यय. पुढे प्रत्यय झिजले, अव्यय उरले. जर्मनने मात्र ‘गेहेन’मधला प्रत्यय राखला. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, असा आग्रह हेन्री आल्फर्डने 1864 साली धरला. पण मुळात सुटे असलेले दोन शब्द फोडण्याचा दोष लागणार कसा? लॅटिनमधले ‘आमारे’ एकसंध असते, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

मराठीत हे काम तीन रूपांत विभागले आहे, म्हणून ‘टू’ला एकच पर्याय शोधणे व्यर्थ. ‘पोहणे’ हे पुरते नाम, विभक्तीही घेते: पोहण्याने, पोहण्याचा. ‘शकणे’, ‘लागणे’, ‘देणे’ यांच्याआधी ‘पोहू’ येते. हेतूसाठी ‘पोहायला’. यांतले ‘ऊ’कारान्त रूप सर्वांत जुन्या घराण्यातले: संस्कृत तुमन्ताचे, म्हणजे ‘कर्तुम्’सारख्या रूपांचे, ते वारस. जुन्या लेखनातल्या ‘करूं’वरचा अनुस्वार ही त्याचीच खूण. मोल्सवर्थच्या 1831च्या कोशात मात्र क्रियापदे ‘णें’ लावूनच नोंदली आहेत.

आरंभीची व्याख्या पोर्तुगीजमध्ये लंगडी पडते. तिथे ‘फालार’ म्हणजे बोलणे, आणि ‘फालारमुश’ म्हणजे ‘आम्ही बोलणे’. इन्फिनिटिव्हलाच पुरुष आणि वचन चिकटते. आधुनिक ग्रीक आणि बल्गेरियन भाषांनी तर हे रूप जवळजवळ टाकूनच दिले. ‘मला जायचे आहे’ यासाठी ग्रीक माणूस ‘मी जावे असे मला हवे’ अशा धर्तीचे वाक्य करतो आणि तिथल्या कोशांत क्रियापद ‘मी जातो’ अशा रूपाने नोंदवतात. अरबीत ही गरज मस्दर नावाचे क्रियावाचक नाम भागवते. कोशात क्रियापद ‘कतबा’, म्हणजे ‘त्याने लिहिले’, असे भूतकाळी रूपात दिलेले असते.

तुझा,
मामा