कवडशातली धूळ

आमच्या धाकट्याला दमा. घरात केरसुणी फिरली की शिंका, आणि रात्री छातीत घरघर. म्हणून यंदा दिवाळीच्या आवराआवरीआधी मी अर्धवेळ नोकरीच्या पगारातून साठवलेले पैसे काढून व्हॅक्यूम क्लीनर घेतला.

पहिल्याच दिवशी खिडकीतून छान कवडसा आला होता. यंत्र सुरू केलं नि बघते तो काय, पुढून धूळ आत जातेय आणि मागून बारीक भुकटी बाहेर पडतेय! त्या रात्री धाकटा दोनदा उठून बसला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी ओलं फडकं घेऊन स्वतःच फरशी पुसायला बसल्या. त्यांचं न बोलणंच मला जास्त लागलं.

दुकानदार म्हणाला, "ताई, हेपावालं महागडं मॉडेल घ्या." हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, हे खरं. पण मुलाच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "गाद्यांमधल्या माइट किड्यांच्या विष्ठेचे कण बहुतेक १० मायक्रॉनहून मोठे असतात. ते साध्या चांगल्या गाळणीतही अडकतात. घरात मांजर असेल तर गोष्ट वेगळी, तिचे कण फार बारीक. आणि गाळणी कितीही भारी असली, तरी फट राहिली तर हवा तिथूनच निघणार."

घरी येऊन ह्यांनी यंत्र उघडलं. गाळणीच्या कडेचं रबर दुमडलेलं! बसवताना माझीच घाई झाली होती. ते नीट बसवलं, पुन्हा कवडशात धरून पाहिलं. भुकटी थांबली.

आता आमची रीत ठरली आहे. यंत्र चालू असताना आणि नंतर थोडा वेळ धाकटा बाहेरच्या खोलीत. पिशवी गच्च भरू द्यायची नाही, ती अंगणातच रिकामी करायची. गाळणी धुतली तर पुरती वाळल्याशिवाय बसवायची नाही. चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत पाण्यात. फरशीला मात्र सासूबाईंचं ओलं फडकंच! आणि डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे धाकट्याचा इनहेलर एक दिवसही चुकवायचा नाही; यंत्र म्हणजे काही औषध नव्हे.

घरघर अजिबात गेली असं नाही म्हणणार. पण गेल्या पंधरवड्यात तो रात्री एकदाच उठला. महागड्या गाळणीचे पैसे वाचले, ते मी त्याच्या गादीच्या घट्ट विणीच्या खोळीला लावले. तुम्हीही घेणार असाल, तर आधी कवडशात धरून बघा हं!