कोर सोडून

नखाच्या मुळाशी एक फिकट कोर असते. अंगठ्यावर ती ठसठशीत दिसते, करंगळीवर बहुतेकांच्या दिसतही नाही. नख जिथे तयार होतं, त्या जागेचा एवढाच भाग बाहेरून दिसतो. बाकीचा कातडीखाली असतो. ही कोर रंगवायची नाही, तिची गोलाई राखून वर रंग चढवायचा आणि पुष्कळदा नखाचं वाढलेलं टोकही मोकळं ठेवायचं, अशी एक पद्धत 1920 आणि 30च्या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात रूढ होती. हाफ-मून मॅनिक्युअर. मला ती पहिल्यांदा दिसली गिरगावातल्या चाळीत, माझ्या आत्याच्या हातांवर.

तोवर नखं रंगवणं म्हणजे आम्हा मुलींसाठी गुलमोहर. मे महिन्यात टपोरी कळी उकलायची, तिची बाहेरची हिरवी, आतून लालभडक पानं सुटी करायची आणि लाल बाजू वर ठेवून एकेका नखावर थुंकीने चिकटवायची. पावसाळ्यात आकाशातून बगळ्यांची रांग निघाली की नखांवर नखं घासून त्यांच्याकडे कवड्या मागायच्या. पुढे कधी एखाद्या नखावर पांढरा ठिपका उठला, की बगळ्याने ऐकलं म्हणायचं.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ट्रंक कॉल जोडायची. समोर भोकांचा उंच बोर्ड, हातात कॉर्ड, कानावर हेडफोन. पलीकडच्या माणसाला तिचा फक्त आवाज पोचायचा. तिच्या नजरेसमोर मात्र दिवसभर तिचेच हात असायचे. कोर सोडून रंगवायला तिला तिथल्याच एका वयस्क अँग्लो-इंडियन बाईंनी शिकवलं. त्या स्वतः दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, तरुणपणी शिकल्या होत्या. आत्याच्या काळात सगळ्याजणी नख पूर्ण रंगवत असत, पण तिने आयुष्यभर ही जुनीच तऱ्हा ठेवली. रंगही एकच, गर्द लाल.

रविवारी जेवणं आटोपली की ती गॅलरीत चटईवर बसायची. आजीची तक्रार रंगाबद्दल कधीच नव्हती. तिला खटकायचा तो वेळ.

“अगं, तांदूळ निवडायचे राहिलेत.”

“नखं ओली आहेत, आई. वाळली की निवडते.”

यावर आजीकडे उत्तर नसे. ओल्या नखांनी तांदूळ निवडता येत नाहीत, भांडी विसळता येत नाहीत, कुणाच्या शर्टाचं बटण लावता येत नाही. आठ माणसांच्या त्या दोन खोल्यांत आत्याला स्वतःसाठी दार लावून घेता येईल अशी जागा नव्हती. पण रविवारी दुपारचा हा तास तिचा होता आणि तो मोडायची सोय कुणालाच नव्हती. मी शेजारी बसून बाटलीचं झाकण धरायचे. तिने मला जे काही दिलं, त्यात या तासाची किंमत मी सगळ्यात वर धरते.

पुढे वाचनातून या तऱ्हेचा मागचा इतिहास हाती लागला. नखांना आधी चामड्याच्या गादीने, भुकटी लावून घासून चकाकी आणत. क्युटेक्स ही अमेरिकन कंपनी 1911 मध्ये निघाली ती रंग घेऊन नव्हे, तर नखाच्या कडेची कातडी कात्रीने न कापता मऊ करून मागे सारायचं औषध घेऊन. रंग नंतर आला, तोही फिकट, पारदर्शक. मग 1932 मध्ये, ऐन मंदीत, न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि चार्ल्स लाखमन यांनी रेव्हलॉन सुरू केली आणि आरपार न दिसणारा, घट्ट रंग बाजारात आणला. लाखमन रसायनाचे जाणकार. कंपनीच्या नावातला ‘ल’ त्यांचा. असा घट्ट रंग लावला की रंगवलेला भाग आणि मोकळी कोर यांच्यातली सीमा लख्ख उठून दिसते. ही तऱ्हा त्या दशकात एवढी खुलली, त्याला हा रंग बराचसा कारण असावा असं मला वाटतं.

जॉर्ज क्यूकर यांचा ‘द विमेन’ हा 1939चा चित्रपट मी मुद्दाम मिळवून पाहिला. पडद्यावर एकही पुरुष नाही, आणि सगळी कथा हलते ती ब्यूटी पार्लरात नखं रंगवणाऱ्या मुलीच्या तोंडून निसटलेल्या एका बातमीवरून. तिथल्या नव्या लाल छटेचं नाव ‘जंगल रेड’. मधला फॅशन शो सोडला तर चित्रपट कृष्णधवल आहे, म्हणजे ज्या रंगाभोवती एवढं सगळं घडतं तो प्रेक्षकाने मनानेच पाहायचा. शिवाय नखांवरचा लेप आणि त्या काळच्या चित्रपटांची फीत, दोन्ही एकाच पदार्थाची: नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. याचाच तीव्र प्रकार तोफांच्या दारूत जात असे, आणि 1920च्या दशकात मोटारींना झटपट वाळणारा रंग मिळाला तोही यातूनच. नखरंगाच्या बाटलीत हा पदार्थ पातळ करून ठेवलेला असतो. द्रावक उडून गेलं की मागे चकचकीत पापुद्रा उरतो.

आता माझी रीत सांगते. जुना रंग अ‍ॅसिटोनने पुसायचा. कानस एकाच दिशेने चालवायची. मागेपुढे घासलं की नखाचे पापुद्रे सुटतात. आकार बदामी. मग कोमट पाण्यात बोटं बुडवून कातडी मऊ झाली की लाकडी काडीने हलकेच मागे सारायची. कापायची मुळीच नाही, कारण नखाच्या मुळाशी जंतू शिरू नयेत म्हणून ती तिथे असते. नख कोरडं करून अ‍ॅसिटोनचा एक हात फिरवायचा, तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. त्यावर बिनरंगी पहिला थर, आणि तो पुरता वाळू द्यायचा.

मग कोर. फायलीतल्या कागदाचं भोक फाटू नये म्हणून चिकटवतात त्या गोल चकत्या मिळतात. त्यांची बाहेरची कड नखाच्या कोरीवर बरोबर बसते. आत्याला चकत्या लागत नसत. ती ब्रशाचं टोक कोरीच्या मधोमध, जरा वर टेकवायची, डावीकडे एक ओढ, उजवीकडे एक ओढ, की कमान तयार. मीही आता तसंच करते, फक्त उजव्या हाताला चकत्या लावते. रंगाचे दोन पातळ हात द्यायचे आणि दुसरा ओला असतानाच चकती उचलायची. ज्या करंगळीवर कोर दिसत नाही, तिथे ती आपण कल्पून सोडायची. मला हे नख सगळ्यात आवडतं.

या तऱ्हेचा एक गुण वापरल्यावरच कळतो. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पूर्ण रंगवलेल्या नखाच्या मुळाशी आठवड्याभरात उघडी फट दिसू लागते आणि हात विटका वाटतो. इथे कोर नुसती मोठी होत जाते. नखाचं वाढणं लपवायची गरजच पडत नाही.

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. शस्त्रक्रियेआधी रंग काढायला सांगितला. बोटाला लावतात त्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याला गर्द रंगाचा अडथळा होऊ शकतो, आणि नख निळं पडतंय का हे डोळ्यांनीही दिसायला हवं. मी कापसाने एकेक नख पुसलं. रंगवण्याची वेळ सोडली तर उघड्या नखांनी मी तिला तोवर पाहिलंच नव्हतं. घरी आल्यावर तिने चष्म्याच्याही आधी बाटली मागितली. हात थरथरत होते म्हणून या वेळी मी रंगवलं आणि झाकण तिने धरलं.

माझी भाची जेल लावते. दिव्याखाली हात धरला की मिनिटा-दोन मिनिटांत रंग पक्का, लगेच मोबाइल हातात. रंग दोन-तीन आठवडे टिकतो, तिच्या नोकरीत ते सोयीचं आहे. मला मात्र न वाळलेली नखं हवी असतात. साधा रंग हाताला दहा मिनिटांत कोरडा लागतो, पण आतून घट्ट व्हायला काही तास घेतो. म्हणून आमच्याकडे रविवारी संध्याकाळची कणीक मुलगा मळतो. सुरुवातीला पाणी जास्त व्हायचं त्याच्या हातून. आता पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात.