पलसाण्यात राहणारी वादळे

पलसाणा समुद्रकाठी नाही. सुरतेच्या आग्नेयेला, महामार्गालगतचा हा तालुका. एकीकडे उसाची शेते आणि चलथाणचा साखर कारखाना, दुसरीकडे कडोदरा-वरेलीच्या कापडगिरण्या. चक्रीवादळाच्या आठवणी गोळा करायला निघालेला माणूस इथे थांबणार नाही; तो वेरावळला जाईल, श्रीवर्धनला जाईल, पारादीपला जाईल. पण वादळ किनाऱ्यावर आदळते आणि त्याची आठवण माणसाबरोबर पोटामागे निघते. सुरत परिसरातल्या यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातली माणसे कित्येक दशके राबत आली आहेत. त्या गंजमवर 17 ऑक्टोबर 1999 ला एक वादळ आले आणि बाराच दिवसांनी पारादीपजवळ ते महावादळ, ज्यात सरकारी हिशेबानेच दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. 2013 मध्ये पुन्हा गोपाळपूरला ‘फायलिन’ आले. या कामगारांच्या शेजारच्या खोलीत खान्देशी कुटुंब राहते. ज्या तापीचा काठ सोडून ते इकडे आले, तीच तापी ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सुटलेल्या पाण्यानिशी सुरतेत शिरली. या माणसांनी काय पाहिले, ते त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत, ती आज जिथे राहतात तिथेच नोंदवून घ्यायला हवे, असे मला कळकळीने वाटते. मायेपोटी तर हवेच. पण पुरावा म्हणून त्याहून अधिक हवे.

पुरावा का म्हणायचे, ते मुंबईच्या एका ‘वादळा’वरून कळते. 6 जून 1882 रोजी मुंबईत चक्रीवादळ येऊन एक लाख माणसे मेली, अशी नोंद जगातल्या भीषण वादळांच्या याद्यांमधून वर्षानुवर्षे छापली गेली. लेखक अमिताव घोष यांनी तिचा शोध घेतला, पुढे हवामानशास्त्रज्ञांनीही घेतला; समकालीन कागदपत्रांत त्या वादळाचा मागमूस लागला नाही. तेव्हा कुलाब्याला वेधशाळा होती, मुंबईत अनेक भाषांतली वृत्तपत्रे निघत होती, पुण्यात ‘केसरी’ सुरू होऊन दीड वर्ष होत आले होते. लाख माणसे गेली असती तर कुणाच्या तरी घरात त्या रात्रीची एखादी हकीकत उरलीच असती. ती कुठेच नव्हती, आणि तरी आकडा मात्र एका यादीतून दुसरीत जात राहिला. ज्या आकड्याला एकही साक्षीदार नाही, तो खोटा असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. हेच उलटेही घडू शकते, आणि त्याची मला जास्त भीती वाटते: खरोखर झालेला संहार, सांगणारा न उरल्यामुळे, यादीतली एक ओळ होऊन बसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्मृतीच्या बेभरवशाचा. माणूस विसरतो, वाढवून सांगतो, दुसऱ्याचे ऐकलेले स्वतःचे म्हणून सांगतो. हे खरेच आहे. लाटेची उंची त्याला विचारली तर उत्तर चुकण्याचीच शक्यता जास्त. पण पाणी देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते, हे विचारून पाहावे. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पंचनाम्यात झाडे मोजली जातात, भरपाईसाठी ते लागतेच. कोणती पोफळ आधी पडली आणि तिचा शेंडा कुठल्या दिशेला होता, हे मात्र वाडीवाला सांगतो आणि त्यातून वारा कसा फिरला ते कळते. वादळाचा डोळा माथ्यावर आला की वारा पडतो, कधी आभाळही उघडते. संपले म्हणून माणसे बाहेर येतात आणि मग उलट दिशेचा वारा येतो. त्या फसव्या वेळात कोण बाहेर पडले, कुणी अडवले, हे कुठलेही यंत्र टिपत नाही. दहा जणांनी ते वेगवेगळे सांगितले तर पडताळून पाहता येते. कुणीच सांगितले नाही तर पडताळायला काही उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला पगार हवा, धड खोली हवी. त्याची जखम उकरून कुणाचे भले होणार? ज्याला बोलायचे नाही त्याला विचारूच नये, आणि बोलता बोलता तो थांबला तर ध्वनिमुद्रण बंद करावे, इथवर मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. पण पोटाच्या प्रश्नापुढे आठवण म्हणजे चैन, हे मान्य नाही. ‘फायलिन’च्या वेळी ओडिशात दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि बळींची संख्या दोन आकड्यांत राहिली. श्रेय अचूक अंदाजाचे, निवाऱ्यांचे, 1999 नंतर उभारलेल्या यंत्रणेचे आहेच. तरीही घर, गुरे, भांडीकुंडी मागे टाकून निघा म्हटल्यावर लोक निघतात, त्यात चौदा वर्षांपूर्वीचे वादळ पाहिलेल्यांच्या शब्दाला वजन असणारच, असे मला वाटते. आता ती माणसे गावाबाहेर आहेत. गंजमच्या पुढच्या पिढीला जे ऐकायला हवे, ते कडोदऱ्याच्या खोलीत, मागांचा खडखडाट कानात घेऊन झोपलेले आहे.

काम फार खर्चाचे नाही. तालुक्यातली एखादी शाळा, एखादे ग्रंथालय, सुटीचा दिवस, आणि ओडिया किंवा अहिराणी समजणारा एक तरुण एवढ्यावर ते सुरू होईल. भाषांतर मागाहून करावे. आधी आवाज जसाच्या तसा ठेवावा, सोबत गाव, तेव्हाचे वय, तारीख आणि सांगणाऱ्याची संमती लिहावी, एक प्रत त्याच्या मूळ गावी पाठवावी. 1999 मध्ये विशीत असलेला कामगार आज पंचेचाळिशी ओलांडून गेला आहे. मागावरचे काम झेपेनासे झाले की तो गावी परतेल, आणि त्याची खोली दुसऱ्या कुणाला मिळेल. त्याआधी त्याला विचारायला हवे, आणि सुरुवात वादळापासून करू नये. आदल्या दिवशी घरात काय शिजले होते, तिथून करावी.