नदी गोठली की वाट होते

नदी पार करायला होडी हवी, नाहीतर पूल. लडाखातल्या झंस्कार नदीची तऱ्हा न्यारी. जानेवारी-फेब्रुवारीत तिच्यावर बर्फाचा थर धरतो आणि माणसे त्यावरून चालतात. या थराला 'चादर' म्हणतात. हिवाळ्यात खिंडी बुजल्या, की झंस्कारी लोकांना लेहला जायला हीच वाट उरे. लोणी पाठीवर घेऊन ते विकायला निघत. शाळेला जाणारी पोरेही बापामागून याच वाटेने जात.

तुम्हाला जायचे असेल, तर आधी लेहला तीन-चार दिवस स्वस्थ राहा. गाव साडेतीन हजार मीटर उंचावर, हवा विरळ. घाई जिवावर बेतते. पायात गमबूट घाला, अगदी आपण चिखलात घालतो तसले, आणि आत लोकरी मोजे. कोरड्या मोज्यांचा एक जोड निराळा बांधून ठेवा. रात्री पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरतो.

चालताना पाऊल उचलू नका, सरकवा. वाटाड्या काठीने बर्फ ठोकत पुढे जातो. पोकळ आवाज आला की तो थांबतो. तुम्हीही थांबा, वाद घालू नका. चादर फुटलेली असली, तर कड्यावरून चढून जायचे, नाहीतर पुन्हा गोठेपर्यंत गुहेत बसायचे. खायला जवाचे भाजके पीठ, आपल्या सातूचेच भावंड, लोणी-मिठाच्या चहात कालवलेले.

आता दरीतून रस्ता कोरला आहे. निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता 2024 साली सलग जोडला गेला. हौशी पाहुण्यांची चादर त्यामुळे तोकडी झाली. झंस्कारच्या आयाबायांना मात्र त्याचे दुःख नसावे.