फाउंटनला काय काम?

जानेवारी २०१९ मध्ये हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनचं दुरुस्तीचं काम संपलं. परांच्या उतरल्या. बरीच वर्षं कोरड्या पडलेल्या दगडी थाळ्यांतून पुन्हा पाणी पडू लागलं आणि खालून दिवे लागले. त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी मीही गेलो. कारंज्याभोवती माणसं कडं करून उभी होती. जवळजवळ प्रत्येकाचा एक हात वर, हातात फोन.

आमचे नाना फोर्टात कारकून होते. घरातलं कुणी फाउंटनला निघालं की मान वर न करता विचारायचे, ‘काय काम?’ उत्तर देता आलं नाही तर जाणं रद्द. ‘दिवे बघायला’ हे उत्तर त्यांनी चालवून घेतलं नसतं.

परतीच्या गाडीत एक यादी केली. या प्रश्नाला पूर्वी ज्यांच्यामुळे उत्तर असायचं, त्यांची.

दरवाजा. आज कारंजं आहे त्याच जागी मुंबईच्या किल्ल्याचं चर्च गेट होतं. अपोलो गेट आणि बजार गेट ही त्याची दोन भावंडं. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात, तट पाडला आणि तिन्ही दरवाजे गेले. जुनी मुंबईकर माणसं या भागाला ‘कोट’ म्हणत. ‘जरा कोटात जाऊन येतो’ असं बोलणारी शेवटची पिढीही आता संपली. चर्चगेटला गेट नाही, फोर्टात फोर्ट नाही. किल्ला कोर्टात किल्ला नाही, पण तारखा मात्र पडतात.

फ्रिअरसाहेबांचं नाव. कारंजं १८६४ चं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथ यांचं, दगड इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. खर्च ४७,००० रुपये. त्यातले २०,००० कर्सेटजी फरदुनजी पारेख या पारशी दात्याचे. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसायचं होतं आणि त्याला फ्रिअर यांचं नाव द्यायचं होतं. बसलं इथे. गव्हर्नरचं नाव गळालं, फुलांच्या रोमन देवीचं राहिलं. ज्याने तट पाडला त्याचं नाव तटाच्या जागी टिकलं नाही.

बत्तीवाला. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट, भेंडी बाजार. बत्तीवाला एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि लोकांचा घोळका त्याच्या मागोमाग, तोंडातून शब्द न काढता. म्हणजे दिवे बघायला गर्दी जमणं या भागाला नवं नाही. फरक एवढाच की तेव्हा दिव्यासोबत एक माणूस दिसायचा. त्याच्या चालीने उजेड पुढे सरकायचा. आता सगळे दिवे एका क्षणात लागतात आणि ते कुणी लावले हे कुणाला दिसत नाही.

ट्रॅम. ९ मे १८७४ ला घोड्यांची सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली, १९२० मध्ये दुमजली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून दादरला गेली. रूळ काढून टाकण्याऐवजी त्यांच्यावर डांबर ओतलं. २०१७ मध्ये कारंज्याच्या भोवती खोदकाम चाललं होतं तेव्हा ते रूळ पुन्हा वर आले, जागच्या जागी. या यादीतली परत भेटलेली वस्तू ही एकच. बातमी वाचून एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी मला विचारलं होतं, ‘मग गाडी कधी सोडतायत?’

तार. चौकाच्या एका अंगाला सेंट्रल टेलिग्राफ ऑफिस. लोकांच्या तोंडी नुसतं ‘तार ऑफिस’. तिथल्या काउंटरवर शब्द मोजून पैसे घेत, त्यामुळे माणसं आपलं दुःख आधी मनात कापून-छाटून आणत. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ चार शब्द. इंग्रजी न येणाऱ्यालाही हे चार शब्द यायचे. तिकडे गावात तारवाल्याची सायकल वळली की पाकीट फुटायच्या आत शेजारच्या बायका अंगणात येऊन उभ्या राहत. आनंदाची तारही याच धाकात उघडली जाई आणि मग नोकरी लागल्याच्या बातमीवर आधी रडून झाल्यावर हसू येई. १४ जुलै २०१३ ला देशातली तार सेवा बंद झाली. निरोप आता अर्ध्या सेकंदात पोचतो. दार उघडून शेजारी येत नाहीत, कारण तो आलेला त्यांना कळत नाही.

टायपिस्ट. किल्ला कोर्टाच्या बाहेर फुटपाथवर. मोडकं टेबल, वर प्लॅस्टिक, समोर गोदरेजचा काळपट टाइपरायटर. पहिला भारतीय टाइपरायटर गोदरेजने १९५५ मध्ये काढला आणि २००९ मध्ये बनवणं थांबवलं. माणूस उभ्याउभ्या आपली कैफियत सांगायचा. अर्धी मराठीत, अर्धी शिव्यांत. टायपिस्ट मान न हलवता तिचं ‘मे इट प्लीज युअर ऑनर’ करायचा. चार कार्बन घातले की शेवटची प्रत धूसर यायची. ती अशिलाला. मूळ अर्ज कोर्टाला, स्पष्ट प्रती वकिलांना, आणि ज्याचं भांडण त्याच्या हातात जे नीट वाचता येत नाही ते. झेरॉक्सने एवढा एक न्याय केला.

पुस्तकं. फाउंटनपासून चर्चगेटकडे जाताना फुटपाथवर ढीग लागलेले असत. विक्रेता आधी तुमच्या चपलांकडे बघायचा, मग किंमत सांगायचा. इंजिनिअरिंगचं पुस्तक जूनमध्ये न्यायचं, परीक्षा झाली की अर्ध्या किमतीत त्यालाच परत द्यायचं. पुढच्या जूनमध्ये तेच पुस्तक दुसऱ्या मुलाच्या हातात. समासात तीन पिढ्यांच्या पेन्सिली. एकाने ‘महत्त्वाचे’ लिहिलेलं, दुसऱ्याने त्याखाली ‘आलं नाही’. २००५ मध्ये बऱ्याच विक्रेत्यांना तिथून उठवलं. काही परत आले, थोडे टिकले. जवळच्या गल्लीत स्ट्रँड बुक स्टॉल होतं. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड थिएटरात एका कोपऱ्यात ते सुरू केलं आणि थिएटरचं नाव दुकानाबरोबर फोर्टात आलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेही मिटलं. पुढच्या वर्षी कारंज्यावर दिवे लागले.

वरच्या मजल्यावरचं पहिलं बाक. दुमजली बस मुंबईत १९३७ मध्ये आली. वर, अगदी पुढे, काच उघडी. ड्रायव्हर खाली असल्यामुळे गाडी आपणच चालवतोय असं वाटायचं. फाउंटनच्या वळणावर कारंज्यावरची देवी जवळजवळ समोर यायची, रस्त्यावरून कधी दिसत नाही तेवढी. खालून कंडक्टरच्या पंचची टकटक आणि ‘फाउंटन, फाउंटन, चला पुढे!’ जुन्या बांधणीची शेवटची दुमजली १५ सप्टेंबर २०२३ ला गेली. नवी विजेवरची दुमजली आहे, वातानुकूलित आहे, चांगली आहे. काच उघडत नाही.

पांढरा रंग. आमच्या पिढीने पाहिलेलं कारंजं पांढरंफेक होतं. तो दगडाचा रंग नव्हता. वर्षानुवर्षं थरावर थर चढवलेला तैलरंग होता. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली तो उतरवला तेव्हा आतून पोर्टलंडचा फिकट, मळकट पिवळसर दगड निघाला. झालं ते बरंच झालं. रंगाखाली दगडाचा श्वास कोंडतो. तरी नवं कारंजं बघून माझ्या बाजूला उभे असलेले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, ‘अजून रंग द्यायचा राहिलाय वाटतं.’ त्यांची आठवण त्यांच्यापुरती खरी होती. दगडापेक्षा रंगाशीच त्यांची ओळख जुनी.

पिवळा उजेड. सोडियमचा दिवा बटण दाबल्याबरोबर उजळत नसे. आधी गुलाबी-पांढुरका, आजारी. मग हळूहळू तापत जाई आणि काही मिनिटांनी पिवळा व्हायचा. ऑफिसं सुटायची वेळ आणि दिवे तापायची वेळ एकच. त्या उजेडात लाल साडी तपकिरी दिसे, निळा शर्ट काळा, आणि चर्चगेटकडे निघालेली सगळी गर्दी एकाच रंगाची. साहेब आणि शिपाई ओळखू यायचे ते फक्त चालीवरून. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर एलईडीचे पांढरे दिवे लावले तेव्हा आरडाओरडा झाला आणि तिथे पुन्हा पिवळसर छटा आणावी लागली. छटा आली. तापणं आलं नाही. दिवसातून एकदा सगळ्या शहराला काही मिनिटं वाट बघायला लावणारी गोष्ट होती ती.

अंधार. कारंज्याच्या मागच्या बाजूला थोडा असायचा. तिथे टॅक्सीवाले डुलकी काढत. लोकलला अजून वेळ आहे असं एकमेकांना सांगणारी जोडपी थांबत. आता चारी बाजूंनी खालून दिवे आहेत. कारंज्याला मागची बाजू उरली नाही.

मोर्चा. २१ नोव्हेंबर १९५५. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी लोक याच चौकात आले. गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. त्या दिवशी नानांसारख्या कुणी ‘फाउंटनला काय काम?’ असं विचारलं असतं, तर त्यांतल्या कुणाकडेही उत्तर तयार होतं. राज्य १ मे १९६० ला मिळालं. कारंज्याच्या शेजारी स्मारक झालं. शेतकरी आणि कामगार, दोघांच्या हाती मशाल. ‘१०५ हुतात्मे’ हा आकडा मराठी तोंडात बसला. पुढे मोजदाद १०६ वर गेली, मग १०७ वर. मी ही सगळी गेलेल्यांची यादी करतोय. चौकात कोरलेली यादी मात्र वाढत गेली.

मोर्चे आता आझाद मैदानात अडवले जातात. चौकात वर्षातून ठरलेल्या दिवशी पुष्पचक्रं येतात, गाड्या लागतात, गाड्या जातात. दिव्यांच्या त्या संध्याकाळी सगळे फोन देवीकडे वळलेले होते. मशालीच्या बाजूला जागा रिकामी होती, म्हणून मी तिथे उभा राहिलो.

‘फाउंटन’ हा शब्द. तिकीट मागताना नुसता, पुढेमागे काही न लावता. ‘एक फाउंटन.’ पाटीवर हुतात्मा चौक, तोंडात फाउंटन, आणि दोघांचं कधी भांडण झालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जमिनीखालच्या मेट्रोचं इथलं स्थानक उघडलं. गाडीतला आवाज ‘हुतात्मा चौक’ एवढंच म्हणतो, आणि तेच बरोबर आहे. आणखी वीस वर्षांनी दुसरा शब्द कुणाला लागणार नाही.

यादी इथे संपवणार होतो. परवा मेट्रोने गेलो. सरकत्या जिन्यावर माझ्या पुढे एक माणूस होता, साधारण पन्नाशीचा, गावाकडचा. काखेत कापडी पिशवी, पिशवीतून फायलीची सुतळी लोंबत होती. वर आल्यावर उन्हाने डोळे बारीक केले. समोर कारंजं होतं, पाणी चालू होतं, तीन-चार मुलं त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होती. त्याने मला विचारलं, ‘साहेब, हायकोर्ट कुठल्या अंगाला?’

मी हात करून दाखवलं. तो लगेच निघाला. कारंज्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्याला काम होतं.