संत्र्याच्या सालीतले शास्त्र

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, जिथे १९५६ साली राज्यांची सरहद्द नव्याने आखली गेली तरी घरोघरची मराठी आपल्या जागेवरून तसूभरही हलली नाही, त्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात हंगाम आला की मुलांच्या हाती जे संत्रे अनायासे पडते, त्याच्याइतके स्वस्त आणि सर्वांगांनी उपयुक्त विज्ञानोपकरण कोणत्याही शाळेच्या कुलूपबंद कपाटात मी पाहिलेले नाही.

बादलीभर पाण्यात अखंड संत्रे सोडावे, ते तरंगते. साल काढून तेच पुन्हा सोडावे. वजन घटूनही ते बहुधा तळ गाठते, आणि हलके तेवढेच तरंगते हा मुलाचा पक्का समज त्याच्या डोळ्यांदेखत मोडतो. सालीच्या पांढऱ्या, सच्छिद्र अस्तरात कोंडलेली हवा फळाला तोलून धरीत होती, हे सांगण्याची घाई मात्र गुरुजींनी करू नये. कारण या संत्र्याचा गाभाही पोकळ असल्यामुळे एखादे सोललेले फळ बेमुर्वतपणे तरंगतच राहते, आणि मग घाईने दिलेल्या उत्तराची पंचाईत होते. अशा वेळी फोडी सुट्या करून पाण्यात टाकाव्यात, आणि त्या बुडाल्या की त्याच पाण्यात चमचा-चमचा मीठ विरघळवीत, कितव्या चमच्याला कोणती फोड वर येते ते मुलानेच वहीत टिपावे. (मिठाचा डबा रिता झाल्याची तक्रार स्वयंपाकघरातून येईल, ती रास्तच असते.)

दिवेलागणीला तीच साल, वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी शेजारी बसवून, मेणबत्तीच्या ज्योतीपाशी दुमडून पिळली, तर तिच्यातल्या सूक्ष्म पिशव्यांतून उडालेले तेल फुलबाजीसारखे तडतडते. त्या तेलात मुख्यत्वे असलेले लिमोनीन जसे ज्वालाग्राही, तसेच रबर विरघळवणारेही आहे. म्हणून फुगवलेल्या फुग्यावर त्याचा शिडकावा होताच फुगा फाडकन फुटतो.

सातपुड्याच्या पलीकडे, आज नर्मदापुरम म्हणवणाऱ्या होशंगाबाद जिल्ह्यात, ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी १९७२ साली सोळा शाळांतून याच रीतीचे विज्ञानशिक्षण आरंभिले, आणि पुढे त्याची धुरा ‘एकलव्य’ने वाहिली. त्यांचे ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक उत्तरे सांगण्यापेक्षा प्रयोग करायला लावी. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा असे. आणि मुले आपल्या शंका ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थाला पत्राने कळवीत, त्यांना उत्तरेही जात. तिथेच १९७८ साली अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. २००२ साली सरकारी हुकमाने तो कार्यक्रम बंद झाला. परीक्षेत पुस्तक उघडू देणारी पद्धत दप्तरी शिरस्त्याला कधी मनापासून मानवली नसावी, असे माझे मत आहे.

इकडे आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या आगेमागे उतरते, मृगाचे फेब्रुवारी-मार्चात. या दोहोंपैकी कोणते पाण्यात अधिक वर राहते, ही शंका बगीच्यात वाढलेल्या पोरालाच सुचायची. तिच्या निरसनासाठी एका बहाराच्या नोंदी दुसऱ्या बहारापर्यंत जपाव्या लागतात, फळावर पाण्याच्या पातळीची रेघ ओढावी लागते, आणि वाण्याकडून तराजू घटकाभर मागून आणावा लागतो. तो वाणी देतो, पण हिशेब जुळला नाही तर दोष तराजूला लावायचा नाही, अशी अट आधीच घालून.